पायथॉनमध्ये डिक्टचा वारसा घ्यावा का?

प्रश्न: डिक्ट हा की आणि तिचे मूल्य अशा जोड्या साठवणारा पायथॉनचा अंगभूत प्रकार. त्याचा वारसा घेऊन, म्हणजे त्याच्या सर्व मेथड आपोआप मिळतील असा, मी एक क्लास लिहिला आणि प्रत्येक की स्मॉल लेटर्समध्ये साठवली जावी म्हणून सेटआयटेम (चौकटी कंसातून नोंद करणारी मेथड) ओव्हरराइड केली, म्हणजे तिच्या जागी माझी लिहिली. चौकटी कंसातून नोंद केली की ती चालते, परंतु अपडेट (एकदम अनेक नोंदी करणारी मेथड) वापरल्यास की जशीच्या तशी राहते. असे का होते?

उत्तर: सीपायथॉनमधील (पायथॉनच्या मूळ, नेहमीच्या अंमलबजावणीतील) डिक्ट सी भाषेत लिहिलेला आहे आणि त्याची अपडेट मेथड आतल्या हॅश टेबलमध्ये (डिक्टच्या प्रत्यक्ष साठ्यात) थेट नोंद करते; तुम्ही लिहिलेली सेटआयटेम तिच्या वाटेत येतच नाही. सेटडिफॉल्ट (की नसेल तरच नोंद करणारी मेथड) आणि कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट तयार करणारी क्रिया) यांचेही तसेच आहे, आणि गेट ही मेथड तुमच्या गेटआयटेमला (चौकटी कंसातून वाचणाऱ्या मेथडला) विचारत नाही. ग्लोबल व्हेरिएबलची नावे आणि ऑब्जेक्टचे गुणधर्मही पायथॉन बहुतांशी डिक्टमध्येच ठेवत असल्याने तेथील वेगाला फार महत्त्व आहे. म्हणून या सर्व मेथड स्वतः लिहिण्यापेक्षा कलेक्शन्स या प्रमाण मॉड्यूलमधील युजरडिक्ट या क्लासचा वारसा घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तो खरा डिक्ट ‘डेटा’ नावाच्या गुणधर्मात बाळगतो आणि त्याची अपडेट तुमच्या सेटआयटेममधूनच जाते. मात्र शोधताना व काढून टाकतानाही की बदलावी लागेल, हे विसरू नका. शिवाय युजरडिक्ट हा डिक्ट नव्हे, त्यामुळे जेसन मॉड्यूल (माहिती मजकुराच्या रूपात लिहिणारे) तो स्वीकारत नाही. तेथे त्याचा डेटा द्यावा.

प्रश्न: इंटपासून (पायथॉनचा पूर्णांक प्रकार) रुपये हा क्लास केला, पण दोन रकमांची बेरीज साधा इंटच परत देते.

उत्तर: इंटची बेरीज तुमचा क्लास पाहत नाही, ती नेहमी इंटच घडवते. बेरीज, वजाबाकी वगैरे प्रत्येक क्रिया ओव्हरराइड करता येईल. पण रुपयांना रुपयांनी गुणण्याला काही अर्थ नसतानाही तो गुणाकार वारशाने आलेलाच राहील. साधा क्लास लिहा, त्यात पैशांची पूर्णांक संख्या ठेवा आणि ज्या क्रियांना अर्थ आहे तेवढ्याच द्या.

प्रश्न: क्लासच्या नावापुढे कंसात ऑब्जेक्ट (सर्व क्लासचा मूळ क्लास) लिहिणे आवश्यक आहे का?

उत्तर: पायथॉन 3 मध्ये नाही. ती गरज पायथॉन 2 मध्ये, 2001 साली आलेल्या 2.2 आवृत्तीपासून होती; अंगभूत प्रकारांचा वारसा घेण्याची सोयही त्याच आवृत्तीत आली.

प्रश्न: मग डिक्टचा थेट वारसा घेणे केव्हा योग्य?

उत्तर: मूळ वागणूक न बदलता तीत भर घालायची असेल तेव्हा. नसलेली की मागितली असता डिक्ट स्वतःच उपक्लासची मिसिंग ही मेथड बोलावतो. प्रमाण लायब्ररीतील काउंटर (कोणती गोष्ट किती वेळा आली ते मोजणारा डिक्टचा उपक्लास) तेथूनच शून्य परत देतो, आणि त्याला अपडेटचा अर्थ मात्र बदलायचा असल्याने ती मेथड त्याने स्वतः लिहिली आहे.