ऑर्किड बघायला निघण्याआधी
पावसाळ्यात रामटेकच्या बाजूला जमिनीवरची ऑर्किडं शोधायला खुशाल जा, पण मळलेली पायवाट सोडू नकोस. त्यांचं बी धुळीइतकं बारीक, अन्नसाठा जवळपास नाहीच; मातीतली ठरावीक बुरशी भेटली तरच रुजतं. ओली काळी माती पायाखाली दबली की तिच्यातल्या पोकळ्या मिटतात, हवा खेळत नाही, पाणी मुरायचं सोडून वरून वाहतं. फूल वाचलं म्हणून निभावलं असं नाही, कंद खाली असतो. फोटोसाठी एकानं गुडघा टेकला की मागचे चौघे तिथंच टेकतात, झाली नवी वाट! आपला ग्रुप म्हणजे वरातच असते बाप्पा. लांबची लेन्स घे. फुलांची नेमकी जागा ऑनलाइन कुठं टाकू नकोस. आणि नागपुरातून निघतानाच बूट धुऊन घे, चिखलातून तणाचं बी फिरतं.