सालेमला 25 वर्षं, हे कुठलं गणित?

प्रश्न: 1993 च्या मुंबई बॉम्बस्फोटात 257 माणसं गेली आणि त्यातला दोषी गँगस्टर अबू सालेम म्हणे 25 वर्षं भरली की सुटणार! त्याच खटल्याच्या 2017 च्या निकालात दुसरा दोषी ताहिर मर्चंट याला फाशी सुनावली होती ना, मग याचेच एवढे लाड का? अतिरेक्यांना आपल्याकडे शिक्षाच कमी आहेत असं माझं स्पष्ट मत आहे, तुमचं काय?
(एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: लाड नाहीत हो, व्यवहार आहे, आणि तो कोर्टाने नाही तर सरकारने केलाय. सालेम 2002 मध्ये लिस्बनला सापडला. पोर्तुगालमध्ये फाशी नाही, जन्मठेपही नाही, तिथे जास्तीत जास्त 25 वर्षं, आणि जिथे फाशी होऊ शकते तिथे ते माणूस सहजासहजी पाठवत नाहीत. मग डिसेंबर 2002 मध्ये तेव्हाचे उपपंतप्रधान अडवाणी यांनी भारताच्या वतीने लेखी हमी दिली की फाशी देणार नाही आणि 25 वर्षांवर आत ठेवणार नाही, तेव्हा कुठे 2005 मध्ये तो हाती आला. हमी दिली नसती तर काय झालं असतं ते स्फोटांचा मुख्य फरार आरोपी टायगर मेमन याच्याकडे बघून कळतं, तो अजून सापडलेलाच नाही.

2017 मध्ये टाडा (अतिरेक्यांविरुद्धचा जुना कायदा) कोर्टाने भरूचहून हत्यारं मुंबईत आणल्याबद्दल त्याला जन्मठेपच दिली बरं का. 2022 मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की सरकारच्या हमीने कोर्ट बांधलेलं नाही, पण सरकार स्वतः बांधलेलं आहे, तेव्हा 25 वर्षं भरली की सोडायची कारवाई सरकारने करायची. सालेमला मोजणी 2002 पासून हवी होती, कोर्टाने ती ऑक्टोबर 2005 पासून धरली, म्हणजे 2030 आलं. ताहिरच्या बाबतीत अशी हमी नव्हती म्हणून फाशी सुनावता आली, पण तीही झाली नाही, सुप्रीम कोर्टात स्टे होता आणि 2018 मध्ये तो येरवड्याला कैदेत असतानाच वारला.

आता शिक्षा कमी आहेत का? यूएपीए या आताच्या अतिरेकीविरोधी कायद्याचं कलम 16 वाचा, अतिरेकी कृत्यात माणूस मेला तर फाशी नाहीतर जन्मठेप, तिसरा ऑप्शनच नाही, अजून काय वाढवणार? माझं दुखणं वेगळं आहे. स्फोट मार्च 1993 चे आणि टायगरचा भाऊ याकूब मेमन याला नागपूरला फाशी जुलै 2015 मध्ये, म्हणजे 22 वर्षं गेली. त्याहून वाईट 2006 च्या लोकल स्फोटांचं, वेस्टर्न लाइनच्या सात गाड्यांतले फर्स्ट क्लासचे डबे फुटले, 2015 मध्ये मकोका (संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) कोर्टाने 5 जणांना फाशी आणि 7 जणांना जन्मठेप दिली आणि जुलै 2025 मध्ये हायकोर्टाने सगळे 12 जण निर्दोष सोडले कारण कबुलीजबाब, ओळख परेड, साक्षीदार यातलं काहीच कोर्टाला पटलं नाही. सरकार अपिलात गेलंय, सुप्रीम कोर्टाने त्या निकालाचा दाखला दुसरीकडे देऊ नका एवढं म्हटलं पण सुटलेल्यांना परत आत पाठवलं नाही. इथे शिक्षा कडक करून काय होणार होतं, केसच टिकली नाही!

प्रश्न: पण जन्मठेप म्हणजे 14 वर्षंच ना? मग कडक कसली?
(एक वाचक, सातारा)

उत्तर: ही समजूत काही जात नाही. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते त्यात 14 वर्षं व्हायच्या आत सरकारने सूट देऊन सोडायचं नाही, एवढाच त्या 14 चा अर्थ, 14 झाली की दार उघडतं असं नव्हे. 1993 च्याच केसमध्ये बॉम्ब ठेवायचं काम केलेल्या 10 जणांची फाशी 2013 मध्ये सुप्रीम कोर्टाने जन्मठेपेवर आणली. कोर्टाचं म्हणणं असं की याकूब आणि फरार मंडळी तीर मारणारे, हे दहा जण नुसते तीर. मला ते पूर्ण पटत नाही, आरडीएक्स भरलेली गाडी नेऊन लावणाऱ्याला आत काय आहे ते कळत होतंच की. पण कोर्टाने तेव्हाच लिहून ठेवलंय की यांची जन्मठेप मरेपर्यंतची, त्यामुळे निदान या दहांच्या बाबतीत 14 चा हिशोब सोडून द्या.