व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरला सबवूफर

प्रश्न : जुन्या बाजारात स्वस्तात मिळालेला व्हॉल्व्हचा (काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारा) स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करून घेतला. भजने गोड वाजतात, पण पखवाजाचा घुमारा येत नाही. यंत्राच्या मागे सबवूफर (खर्जाचे स्वर वाजवणारा स्पीकर) जोडायला जागा नाही. काय करावे?
— एक वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)

उत्तर : स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असलेला आणि ‘हाय लेव्हल’, म्हणजे स्पीकरच्या तारा जोडता येणारा सबवूफर घ्यावा. स्पीकर आहेत तसेच ठेवून त्याच टर्मिनलांवरून दोन्ही बाजूंच्या तारा सबवूफरकडे न्याव्यात. त्या जोडणीचा रोध बहुधा काही हजार ओहम असल्याने तुमच्या यंत्रावर जवळजवळ भार पडत नाही. वीज न लागणारा साधा सबवूफर मात्र समांतर जोडू नये, कारण ८ ओहमचे दोन स्पीकर एकत्र आले की ४ ओहम उरतात आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरला (व्हॉल्व्ह व स्पीकर यांची सांगड घालणाऱ्या भागाला) ते मानवत नाही. स्पीकर काढून यंत्र वाजवणे तर त्याहून घातक. जोडणी यंत्र बंद ठेवूनच करावी, झाकण उघडू नये. यंत्र बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) ३०० व्होल्टहून अधिक दाब उरलेला असू शकतो. क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचे स्वर सबवूफर वाजवतो ती मर्यादा) ६० ते ८० हर्ट्झवर ठेवून कानाने ठरवावे. गावात व्होल्टेज खालीवर होत असल्यास स्टॅबिलायझर आधी घ्यावा, सबवूफर नंतर.