चौथ्या पानावरचं वाक्य

राजारामपुरी, कोल्हापूर
रविवार

प्रिय मुली,

तुझ्या प्रबंधाचा मसुदा वाचला, सोबतची एक्सेल शीटही उघडून बघितली. चौथ्या पानावर तू लिहिलं आहेस की चौकोन पडद्यावर डावीकडे आला की उजवीकडे याचा कामाशी संबंध नाही, म्हणून ती नोंद विश्लेषणातून वगळली. कृपा करून वगळू नकोस. प्रयुक्ताला, म्हणजे प्रयोगाला बसलेल्या माणसाला, विचारला होता रंग: लाल दिसला तर डावी कळ, हिरवा दिसला तर उजवी. जागेबद्दल तू अवाक्षर काढलं नव्हतंस. तरीही लाल चौकोन उजवीकडे आला की तुझी माणसं रेंगाळली आहेत. शीटमध्ये हे उघड दिसतंय आणि तू त्याला मापनातला दोष समजून बाजूला सारते आहेस.

गेल्या मंगळवारची गोष्ट. स्कूटरवर तुझ्या काकू मागे बसल्या होत्या, नेहमीसारखे दोन्ही पाय डावीकडे सोडून, म्हणजे त्यांचं तोंड माझ्या डाव्या कानाशी. बिंदू चौक आला तशा त्या म्हणाल्या, "उजवीकडं घ्या." शब्द स्वच्छ ऐकू आला, अर्थही कळला, आणि तरी हँडल आधी किंचित डावीकडे गेलं. सायमन आणि रुडेल या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ साली नेमकं हेच प्रयोगशाळेत पाहिलं. हेडफोनमधून 'डावं' किंवा 'उजवं' असा शब्द ऐकवायचा, त्याप्रमाणे कळ दाबायची. कोणत्या कानात ऐकू आला याला महत्त्व नव्हतं. पण शब्द एका बाजूचा आणि कान दुसऱ्या बाजूचा असला की माणसांना वेळ जास्त लागला. आज आपण याला सायमन इफेक्ट म्हणतो. तुझ्यासारख्या रंगांच्या प्रयोगात हा फरक साधारण २० ते ३० मिलिसेकंदांचा असतो. पापणी लवायलाही याच्या कितीतरी पट वेळ लागतो, म्हणून तुला तो क्षुल्लक वाटला असेल. पण इतक्या प्रयोगशाळांत, इतक्या वर्षांत तो पुन्हा पुन्हा मिळाला आहे की मला तरी त्याच्याबद्दल आदर वाटतो.

जाता जाता एक. चौकोनाच्या जागेला 'असंबद्ध' घटक म्हणू नकोस. मराठीत असंबद्ध म्हटलं की तापात बरळणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. 'गैरलागू' बरा. आणि गैरलागू कुणासाठी, तर आपल्यासाठी, कारण सूचना आपण लिहिली.

माझी आई शाळेत गेली नव्हती. एम.ए.ला असताना मी घरी पुठ्ठ्यावर स्केचपेननी रंगांची नावं लिहिली होती, 'लाल' हिरव्यात, 'निळा' लाल रंगात, अशी. मानसशास्त्रज्ञ जॉन रिडली स्ट्रूपने १९३५ साली केलं तसंच. त्याच्या विद्यार्थ्यांना १०० साध्या रंगीत चौकोनांचे रंग सांगायला सरासरी ६३.३ सेकंद लागले होते, आणि तेच रंग दुसऱ्याच रंगाच्या नावात छापले तेव्हा ११०.३. चुलीपुढे बसून मी शब्द न वाचता नुसते शाईचे रंग सांगायला लागलो आणि तिसऱ्या ओळीला अडखळलो. आईने पुठ्ठा हातात घेतला आणि हिरवा, तांबडा, निळा, पिवळा, असं धान्य निवडल्यासारखं भराभर सांगून टाकलं. वर म्हणाली, "एवढं काय अवघड हाय त्यात?" तिच्यासाठी ती नुसती रंगीत नक्षी होती. मला वाचता येत होतं, म्हणून मला न वाचणं जमेना. ती गोष्ट मी वर्गात अनेकदा सांगितली आहे आणि दर वेळी गळा भरून येतो.

आता तुझ्या प्रयोगाकडे. मेंदूत दोन वाटा चालू असतात असं बहुतेक जण मानतात. एक सूचनेची: रंग ओळखायचा, नियम आठवायचा, कळ निवडायची. दुसरी बिनसूचनेची: जिकडे काही दिसलं तिकडचा प्रतिसाद आपोआप जागा होतो. दोन्ही एकाच बाजूला गेल्या तर काम झटपट होतं, नाहीतर जागा झालेला प्रतिसाद दाबावा लागतो आणि वेळ त्यात जातो. पण ही दुसरी वाट आंधळी नाही, आणि मला सगळ्यात सुंदर वाटतं ते हेच. हॉमेल या मानसशास्त्रज्ञाने १९९३ साली अशी मांडणी केली की डावी कळ दाबली की उजवीकडचा दिवा लागे आणि उजवी दाबली की डावीकडचा. ज्यांना 'कळ दाबा' सांगितलं त्यांच्यात नेहमीचाच परिणाम दिसला. ज्यांना 'दिवा लावा' सांगितलं त्यांच्यात तो उलटला. बोटं तीच, कळा त्याच, उलटला तो फक्त हेतू. तेव्हा तुझ्या सूचनेतला प्रत्येक शब्द जसाच्या तसा प्रबंधात छाप.

नुसत्या सरासरीवर थांबू नकोस. प्रत्येकाच्या वेळा लहानापासून मोठ्यापर्यंत लाव, जुळणाऱ्या ट्रायल (चौकोन आणि त्याची कळ एकाच बाजूला असलेल्या खेपा) आणि न जुळणाऱ्या वेगळ्या ठेव, दोन्हींचे पाच-पाच सारखे भाग कर आणि भागागणिक फरक काढ. डाव्या-उजव्या जागेचा परिणाम संथ प्रतिसादांत बहुधा ओसरत जातो, कारण जागेने जागवलेला प्रतिसाद लवकर विझतो. स्ट्रूपमध्ये उलट, फरक सहसा वाढत जातो. हा एक आलेख तुझ्या सगळ्या तक्त्यांपेक्षा जास्त बोलेल. आधीची ट्रायल जुळणारी होती की नव्हती तेही तपास. न जुळणारीच्या पाठोपाठ परिणाम कमी होतो.

आणि रंग-कळ जोडी निम्म्या लोकांना उलटी दे. यावर मी अडून बसणार आहे. एम.फिल.च्या वेळी मी सगळ्यांना लालसाठी डावीच कळ दिली होती. लाल रंगाला प्रतिसाद उशिरा येतो असं दोन महिने लिहीत बसलो, त्याची कारणंही शोधली. मग एके दिवशी कीबोर्ड पुसताना बोटाला लागलं की डावी कळच घट्ट झाली आहे, रुतून बसते. जोडी उलटसुलट केली असती तर पहिल्याच आठवड्यात ध्यानात आलं असतं. आलेली माणसं परत बोलावता आली नाहीत. चाळीस लोकांनी दिलेला वेळ वाया गेला, आणि ते मला आजही लागतं.

येत्या रविवारी सकाळी दहापर्यंत ये. लॅपटॉपबरोबर प्रयोगाला वापरलेला कीबोर्डही आण, दोन्ही कळा मला स्वतः दाबून बघायच्या आहेत. मांडणी बदलून झाली की पहिल्या शंभर ट्रायलना काकू बसतो म्हणाल्या आहेत. सूचना मात्र तू वाचून दाखवायचीस, त्यांच्या समोर बसून, एका बाजूने नाही.

तुझे,
सर