वाचकांचे प्रश्न : घरोघरचे जुने फोटो सर्वांसाठी खुले करताना

प्रश्न : आमचं मंडळ नाशिकच्या पंचवटीतलं. रहाडी (रंगपंचमीला रंगाच्या पाण्याने भरायचे जुने हौद), गोदाघाट, सिंहस्थ यांचे जुने फोटो घरोघरी पडून आहेत. ते एकत्र करून सर्वांना पाहता यावेत असं वाटतं. पण लोक फोटो द्यायला कचरतात.

उत्तर : कचरणारच. ‘पाहून परत देतो’ म्हणून नेलेले फोटो कुठे गेले, हे प्रत्येक घराला ठाऊक असतं. म्हणून फोटो मागूच नका, फोटोंसकट माणसाला बोलवा. रविवारी सकाळी एक फ्लॅटबेड स्कॅनर (सपाट काचेवर फोटो ठेवायचा असतो तो), एक लॅपटॉप आणि दोन कार्यकर्ते पुरतात. स्कॅन मालकाच्या डोळ्यांदेखत व्हावा.

4 बाय 6 इंचांच्या प्रिंटला 600 डीपीआय (इंचामागे टिपके) ठेवा, पासपोर्ट आकाराला 1200. मूळ फाइल टिफ (TIFF) या प्रकारात जपा. अशी एक रंगीत फाइल साधारण 26 एमबीची होते. हजार फोटो 26 जीबीत बसतात. हार्डडिस्क दोन घ्या आणि दोन वेगळ्या घरांत ठेवा, त्यातलं एक तरी नदीपासून लांब. व्हॉट्सअॅपवर फोटो साधा पाठवला की त्यातले बारकावे हरवतात. मागवायचाच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून. चिकट पानांच्या अल्बममधला फोटो ओढू नका, पाठ सोलून निघते. अख्खं पान खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून टिपा. क्रमांक मागे मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने. बॉलपेनचा वळ पुढे उमटतो.

स्कॅन कुणीही करील. अडतं ते फोटोंच्या नोंदवहीपाशी, म्हणून तिथे जाणता माणूस बसवा. फोटोत कोण, कुठे, कोणी काढला आणि साल कशावरून ठरवलं, हे मालक समोर असतानाच लिहायचं. ‘1970 च्या आसपास’ एवढ्यावर थांबू नका. सिंहस्थ असेल तर 1956, 1968, 1980, 1991, 2003 यांतलं साल कपड्यांवरून, पाट्यांवरून बहुधा ठरतं. पुराचा फोटो असेल तर 1969 पाहिलेली माणसं अजून आहेत, त्यांना विचारा. रहाड शनी चौकातली की तिवंध्याची, हे मागच्या वाड्याच्या ओट्यावरून ओळखणारे गल्लीत भेटतात. त्यांना फोटो स्क्रीनवर मोठा करून दाखवा. दोघांची मतं निराळी पडली तर दोन्ही नावानिशी लिहा.

प्रश्न : फोटो ज्यांच्या घरात आहे, फोटो खुला करायला त्यांची सही पुरेशी ना?

उत्तर : नेहमी नाही. प्रिंट एकाची आणि कॉपीराइट दुसऱ्याचा असू शकतो. स्टुडिओत पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा. हौसेने काढलेला असेल तर काढणाऱ्याचा, त्याच्या पश्चात वारसांचा. विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे कुणालाही वापरता येणाऱ्या फोटोंच्या ऑनलाइन संग्रहात, चढवायचे असतील तर ‘फक्त बिगर-व्यावसायिक वापर’ ही अट तिथे चालत नाही. तेव्हा सही घेण्याआधी सरळ सांगा : ‘उद्या कुणी हा फोटो कॅलेंडरवर छापून विकला, तरी तुमचं नाव दिलं असेल तर हरकत घेता येणार नाही, आणि दिलेली परवानगी मागे घेता येणार नाही.’ काही जण इथे थांबतील. त्यांच्यासाठी परवानगीच्या अर्जात ‘फक्त मंडळात पाहण्यासाठी’ अशी दुसरी चौकट ठेवा.

प्रश्न : स्कॅनचे पैसे घ्यावेत का?

उत्तर : घेऊ नयेत. उलट ज्याच्या त्याच्या फाइल्स तिथल्या तिथे पेनड्राइव्हवर द्या. शेजारी पुढच्या रविवारी आपणहून येतात.