गोव्यात काजूच्या मोसमात बाहेरचे मजूर का लागतात? ते राहतात कसे?

गावातली तरुण पोरं नोकरीला बाहेर, शेतमाळावर उरलेत म्हातारे. म्हणून आमच्या सत्तरी तालुक्यात मार्च ते मे कर्नाटक, झारखंडातून माणसं येतात. काम पहाटेपासून. काठीच्या टोकाला खिळा, त्याने पडलेला बोंडू, म्हणजे काजूचं फळ, टोचून उचलायचा, मग हाताने पिळून बी वेगळी करायची. रसाने बोटं काळी पडतात, ती महिनाभर तशीच. राहणं डोंगरावरच्या खोपीत, पाणी खालच्या ओहोळावरून. सोबतची मुलं शाळेला मुकतात, याचं मला फार वाईट वाटतं. एक मात्र त्यांना जरूर सांगा: 2020 पासून त्यांच्या मूळ गावच्या रेशनकार्डावर, बोटाचा ठसा देऊन इथल्या दुकानातही धान्य मिळतं. आमच्याकडच्या जोडप्याला हे ठाऊकच नव्हतं, तांदूळ विकत घेत होती.