टीपीएलओनंतर कुत्रीला फिजिओथेरपी द्यावी की नुसता आराम?

तुमच्या लॅब्रॅडॉरच्या गुडघ्याचं टीपीएलओ, म्हणजे गुडघ्यातलं अस्थिबंध फाटल्यावर नडगीचं हाड कापून फिरवायचं ऑपरेशन, होऊन तिसरा आठवडा चालू आहे, घरातले म्हणतात तिला नुसती पडून राहू दे, आणि तुम्ही विचारलंय की फिजिओथेरपीचा खरंच उपयोग असतो का, घोड्यांना देतात ते व्यायाम कुत्र्याला चालतात का. उपयोग असतो. व्यायाम द्या. ‘पडून राहू दे’ हे मी आमच्या घरात इतकं ऐकलंय की तुमचा प्रश्न वाचून गप्प बसवलं नाही.

आमची गुंडी डॅशहुंड. या जातीत मणक्यांमधल्या चकत्या फार लवकर, वयाच्या पहिल्या एक-दोन वर्षांतच कडक व्हायला लागतात आणि पुढे कधीतरी त्यातली एखादी फुटून मज्जारज्जूवर येऊ शकते. गुंडी एका सकाळी मागचे दोन्ही पाय फरपटत खोलीतून बाहेर आली. सर्जननी तिच्या मागच्या पायाचं बोट चिमट्यात धरलं. पाय मागे खेचला गेला, पण त्याला ते महत्त्व देत नव्हते. तेवढं काम मज्जारज्जू मेंदूला न विचारता करतो. त्यांचं लक्ष तिच्या तोंडाकडे होतं. तिने मान वळवली आणि ओरडली, तेव्हा ते म्हणाले की खोल वेदना शाबूत आहे, लगेच ऑपरेशन करू. ही वेदना शाबूत असलेली बहुतेक कुत्री ऑपरेशननंतर पुन्हा चालतात. ती गेली असेल तर शक्यता साधारण निम्म्यावर येते.

मणक्याच्या हाडाला खिडकी पाडून चकतीचा चुरा काढला आणि ती घरी आली. कमरेखाली काहीच हलत नव्हतं. लघवीसुद्धा पोट दाबून आम्हीच काढायचो. फिजिओथेरपिस्ट बाईंनी पहिल्या दिवशी जे शिकवलं ते बघणाऱ्याला अगदीच किरकोळ वाटेल. तिला कुशीवर झोपवायचं. सांध्याच्या वरचं आणि खालचं हाड दोन हातांनी तोलून धरायचं आणि बोटं, घोटा, गुडघा, खुबा असा एकेक सांधा सावकाश वाकवायचा, सरळ करायचा. प्रत्येकी दहा-पंधरा वेळा, दिवसातून दोन-तीनदा. जिथे अडतंय तिथे थांबायचं, रेटायचं नाही. मग बोटांच्या मधे हलकेच चिमटायचं, म्हणजे पाय स्वतःहून आखडतो आणि स्नायूला थोडं तरी काम मिळतं. मग पोटाखाली टॉवेलची झोळी घालून उभं करायचं आणि पंजे एकेक करून सपाट टेकवायचे, कारण असं कुत्रं पंजा दुमडून त्याच्या पाठीवर उभं राहतं आणि त्याला ते कळतही नाही. उभं राहिल्यावर कमरेला अगदी हलका धक्का द्यायचा, तोल सावरायला स्नायू जागे व्हावेत म्हणून.

मी जमिनीवर बसून हे करत असताना भाऊजी आले. माझे धाकटे दीर. घोडे पाळतात, स्वतः शिकवतात, जनावरांतलं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं असं सगळं घर मानतं. बघून म्हणाले, “वहिनी, बोटं वाकवून मज्जारज्जू जुळत नाही. मुकं जनावर आहे, पडू द्या. बरं व्हायचं असेल तर होईल आपलं आपण.”

हे बोलणारा माणूस त्याच महिन्यात रोज स्वतःच्या घोडीला घड्याळ लावून चालवत होता! तिच्या पुढच्या पायाची, गुडघ्याखालच्या हाडाच्या मागे कातडीलगत असते ती कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) फाटली होती. अशी कंडरा भरायला नऊ महिने ते वर्ष लागतं आणि भरते ती व्रणाच्या तंतूंनी. त्या तंतूंवर बेताचा ताण येत गेला तर ते ओढीच्या दिशेने ओळीत बसतात. घोडी नुसती तबेल्यात उभी राहिली तर ते वेडेवाकडे बसतात आणि पुढच्या दौडीत कंडरा पुन्हा फाटते. भाऊजींना हे पाठ आहे. थोडी मिनिटं हातात लगाम धरून चालवायचं, काही आठवड्यांनी मिनिटं वाढवायची, वाढवण्याआधी सोनोग्राफी करून तंतू बघायचे. काही महिन्यांनी घोडी दुडक्या चालीत जराही लंगडत नव्हती, मोकळं सोडा म्हणून सगळे मागे लागले होते, तरी त्यांनी सोडली नाही. सोनोग्राफीत कंडरा अजून भरलेली नव्हती. त्यांच्या त्या धीराबद्दल मला आजही आदर आहे.

शिवाय ते तिला गाजर दाखवून मान वळवायला लावायचे. हनुवटी छातीला, मग पुढच्या दोन गुडघ्यांच्या मधे, मग खाली खुरांजवळ, मग बरगडीकडे, कुशीकडे. प्रत्येक ठिकाणी काही सेकंद थांबवायचं. हे लाड नव्हेत. मणक्यांना लागून असलेला मल्टिफिडस नावाचा खोल स्नायू असे व्यायाम ३ महिने दिल्यावर जाड होतो, हे २०११ साली अल्ट्रासाऊंडवर मोजून दाखवलेलं आहे. भाऊजींनीच मला ते सांगितलं होतं.

मग गुंडीच्याच वेळी ‘पडू द्या’ का? मी सरळ विचारलं. म्हणाले, “घोडी कामाची आहे हो वहिनी.” त्या एका वाक्यावरून आमचं वाजलं ते अजून पुरतं मिटलेलं नाही. सांधा न हलवता ठेवला की आखडतो, स्नायू वाळतो, एकाच कुशीवर ठेवलं की कातडी फुटते. जनावर कामाचं आहे की मांडीवरचं, हे शरीर विचारत नाही. कुत्र्याचं पिल्लू मांडीचं हाड मोडून पाय ताठ बांधून ठेवलेलं राहिलं, तर मांडीचा पुढचा स्नायू आखडून गुडघा कायमचा ताठ होऊ शकतो. हाड उत्तम जुळलेलं असतं आणि पाय मात्र निकामी. हा नुसत्या आरामाचा परिणाम असतो.

गुंडीचं पुढे काय झालं ते सांगते. शेपटी हलली तेव्हा मी हुरळले, तर बाईंनी विचारलं की कधी हलली. लघवी काढताना हलली असेल तर ती प्रतिक्षिप्त क्रिया, ती धरायची नाही. तुमचा आवाज ऐकून हलली तर मेंदूचा निरोप खाली पोचला. ती आवाजाने हलत होती. टाके निघाल्यावर पाण्यातली ट्रेडमिल सुरू झाली. पाणी खुब्यापर्यंत भरलं की कुत्र्याच्या पायांवर वजनाच्या साधारण ३८ टक्केच भार येतो, घोट्यापर्यंत असेल तर ९१ टक्के. म्हणजे पाणी किती भरायचं यावरच सगळं आहे, आणि नुसता उथळ टब भरून त्यात कुत्रं चालवण्याला फारसा अर्थ नाही. जमिनीवर तोल न सावरणारी गुंडी पाण्यात पावलं टाकायला लागली. आज ती चालते. मागचा डावा पंजा दमल्यावर जरा घासतो, बाकी काही नाही.

तुमच्या लॅबकडे येते. टीपीएलओमध्ये नडगीचं वरचं टोक कापून, फिरवून, प्लेट लावलेली असते. म्हणजे तुम्हाला एकाच वेळी कापलेलं हाड जुळू द्यायचंय आणि मांडीचा स्नायू वाचवायचाय. तिसऱ्या आठवड्यात आखूड पट्ट्यावर, अगदी सावकाश, पाच-दहा मिनिटांच्या फेऱ्या दिवसातून तीन-चार. सावकाश हे महत्त्वाचं. कुत्रं घाईने चाललं की दुखरा पाय उचलून तीन पायांवर निभावतं. हळू चाललं तर प्रत्येक पाय टेकवावाच लागतो. सोबत वर सांगितलं तसं सांधे हलवणं, आणि चारही पायांवर उभं करून वजन इकडून तिकडे झुकवणं. बसवणं-उठवणं साधारण चौथ्या ते सहाव्या आठवड्यात, तेही भिंतीला कूस लावून, नाहीतर ती दुखरा पाय बाहेर टाकून बसते आणि व्यायाम चांगल्या पायालाच होतो. जमिनीवर ठेवलेल्या बांबूंवरून चालवणं त्यानंतर. घोड्यांकडून उचलायचं तर हे बांबू उचला, आणि घड्याळ उचला. खाऊ दाखवून मान वळवणं कुत्र्यालाही चालतं, पण पाठीचं ताजं ऑपरेशन असेल तर नाही.

गुळगुळीत फरशीवर रबरी चटया टाका, नखं कापा, वजन उतरवा. पुष्कळ कुत्र्यांच्या दुसऱ्या गुडघ्यातलं अस्थिबंधही पुढे कधीतरी फाटतं.

सहाव्या आठवड्याच्या सुमाराला ती पळायला बघेल आणि घरातले म्हणतील, झाली की बरी. साधारण आठव्या आठवड्याच्या एक्स-रेत हाड जुळलेलं दिसेपर्यंत सोफा नाही, जिना नाही, पट्टा सोडणं नाही. इथे भाऊजींची घोडी आठवा.

आता त्यांच्या बाजूचंही सांगते. २०१८ साली एक चाचणी झाली. गुंडीसारखं ऑपरेशन झालेल्या, खोल वेदना शाबूत असलेल्या कुत्र्यांचे दोन गट केले. एकाला पहिले २ आठवडे मोजके प्राथमिक व्यायाम, दुसऱ्याला भरगच्च कार्यक्रम. भरगच्च गट लवकर चालला नाही की जास्त चांगला चालला नाही. भाऊजींनी तो शोधनिबंध मला पाठवला, खाली फक्त ‘वाचा’ एवढंच. मी शेवटपर्यंत वाचला. व्यायामाने मज्जातंतू लवकर भरून येतो असं मी तुम्हाला सांगणार नाही, फिजिओथेरपिस्ट बाईंनीही मला कधी सांगितलं नव्हतं. पण त्या चाचणीत ‘पडू द्या’ असा गट नव्हताच. थोडं विरुद्ध पुष्कळ अशी ती तुलना होती. तेव्हा दिवसभर कुत्रीला राबवू नका, एवढं त्यातून जरूर घ्या. गुडघ्याबाबत मात्र २००६ सालचा टीपीएलओचाच अभ्यास आहे, कुत्री मोजकीच होती, पण फिजिओथेरपी मिळालेल्यांची मांडी सहाव्या आठवड्याला दुसऱ्या पायाइतकी भरलेली होती आणि नुसतं फिरवलेल्यांची नव्हती.

मी डॉक्टर नाही. तुमच्या सर्जनने वेगळे आठवडे सांगितले असतील तर तेच धरा, त्यांनी आतलं हाड पाहिलंय. व्यायाम करताना ती ओठ चाटायला लागली, सारखी मान वळवून तुमच्या हाताकडे बघू लागली किंवा श्वास रोखून धरला, तर दुखतंय, थांबा. आणि काल टेकवत असलेला पाय आज अचानक उचलूनच धरला, तर त्या दिवशी एकही व्यायाम नको. गुडघ्यातली गादी फाटलेली असू शकते, स्क्रू ढिला झालेला असू शकतो, आत जंतुसंसर्ग असू शकतो. माणसांची वेदनाशामक गोळी तर मुळीच देऊ नका, त्यातल्या कित्येक गोळ्या कुत्र्यांना विषारी असतात. त्याच दिवशी सर्जनकडे न्या.